एका शुक्रवारात अमेरिका स्वतंत्र: अल सद्द ते झुबारा

आमच्या घरातले सहलीचे निर्णय मी घेतो. म्हणजे मेधा कुठं जायचं ते ठरवते, रेवा तिथं रेंज आहे का ते बघते, आणि शेवटी मी घरच्या ग्रूपवर ‘डन’ असं टाकतो. या वेळी मात्र क्रम बिघडला. फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी रेवाने जाहीर केलं, की तिला उत्तर कतारला जायचंय, येत्या शुक्रवारीच जायचंय, आणि तिथं अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध लढायचंय.

रेवा आमची एकुलती एक मुलगी. दहावीत आहे, दोह्यातल्या एका अमेरिकन अभ्यासक्रमाच्या शाळेत. अमेरिकेतल्या तेरा वसाहतींनी इंग्रजांना कसं घालवलं, यावर तिला सात मिनिटांचा व्हिडिओ करायचा होता. इंग्रजांना घालवण्याचा आपल्याकडेही दांडगा अनुभव आहे, तो वापर, असं मी सुचवून पाहिलं. “बाबा, दॅट्स अ डिफरंट युनिट,” ती म्हणाली. रेवाला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. भांडणसुद्धा. इथं तिचं बरंचसं बोलणं मीच मराठीत उतरवलंय. त्यामुळे आमच्या घरात दोन भाषांत भांडण होतं आणि मेधा दुभाष्याचं काम न करता वरण फोडणीला टाकते.

इथं एक गोष्ट कबूल करून टाकतो, कारण पुढचं सगळं तिच्यामुळेच घडलं. अकरावीचे विषय निवडायची मुदत रविवारी सकाळी संपत होती. रेवाला इतिहास, साहित्य आणि अर्थशास्त्र हवं होतं. महिनाभर ती ते सांगत होती आणि महिनाभर मी “आधी प्रोजेक्ट होऊ दे, मग शांतपणे बोलू” असं म्हणत होतो. आणि गुरुवारी दुपारी ऑफिसात बसून शाळेच्या पोर्टलवर मी फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, कॉम्प्युटर या चार चौकटींत टिक केली आणि सबमिट दाबलं. घरी कुणालाच सांगितलं नाही. रविवार उलटून गेला की सांगू, असा माझा हिशेब होता. माझं म्हणणं साधं होतं. मी इथं गॅस कंपनीत अठरा वर्षं आहे. उद्या कंपनी खलास म्हणाली, तर महिन्या-दोन महिन्यांत सामान गुंडाळून नाशिक गाठावं लागेल. अशा माणसाच्या मुलीने इतिहास घेऊन काय करायचं? सायन्स कुठल्याही देशात चालतं. हे मी अजूनही मागे घेत नाही.

तर तयारी. बोस्टन बंदरात तिथल्या लोकांनी इंग्रजांच्या जहाजावरचा चहा समुद्रात फेकला होता, तो प्रसंग हवाच होता. चांगला चहा फेकायला मेधाने साफ नकार दिला. “इतिहास गेला खड्ड्यात, पावडरचा भाव बघितलास का?” मग तिने चार दिवस घरातला आणि शेजारच्या दोन घरांतला चोथा गोळा करून बाल्कनीत वाळवला. एरवी तो गुलाबाच्या कुंडीत जातो. चहाच्या पेट्या म्हणून गेल्या मोसमातली हापूसची खोकी निघाली. इंग्रज सैनिकांसाठी इथल्या मराठी मंडळाच्या लेझीम पथकाचे लाल कुर्ते आणले, आणि बंदुका म्हणून क्रिकेटच्या दोन बॅटी. जाहीरनाम्याचा कागद जुना दिसावा म्हणून मेधाने माझ्या पाठकोऱ्या कागदांच्या गठ्ठ्यातून चार कागद काढले, काळ्या चहात बुडवले आणि इस्त्री फिरवून कोरडे केले. एका बाजूला छापलेला कागद मी कधी टाकत नाही. दुसरी बाजू कोरी असताना कागद टाकणं म्हणजे अन्न टाकण्यासारखं आहे, ही आमच्याकडची शिकवण. रेवाने गुरुवारी संध्याकाळी त्यावर टाकाने झोकदार अक्षरात जाहीरनामा उतरवला.

इंग्रज फौज म्हणून बालाजीला घेतलं. बालाजी परभणीचा, आयटीत, दोन वर्षांच्या कॉन्ट्रॅक्टवर एकटाच आलेला. मेधाच्या हातच्या जेवणासाठी तो कुठल्याही सैन्यात भरती होतो.

शुक्रवारी सकाळी साडेसातला अल सद्दमधून, म्हणजे दोह्यातल्या आमच्या भागातून निघालो. ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी: दोहा ते अल रुवैस सव्वा तास, अल शमाल रस्ता सरळसोट आणि गुळगुळीत. इतका सरळ, की झोप येते, आणि वेगाचे कॅमेरे ती उडवतात. मेट्रो तिकडे जात नाही, स्वतःची गाडी हवी. दोन तृतीयांश टाकीत जाऊन-येऊन झालं. पाण्याच्या बाटल्या भरपूर घ्या. स्वच्छतागृहं पेट्रोल पंपांवरच आहेत असं धरून चाला.

गाडीत रेवाने आम्हाला पार्श्वभूमी समजावली. इंग्लंडने फ्रान्सशी मोठं युद्ध केलं, तिजोरी रिकामी झाली, मग राजाने आणि पार्लमेंटने समुद्रापलीकडच्या वसाहतींवर कर बसवले. कागदावर कर, काचेवर कर, चहावर कर. “पॉइंट कराचा नाहीये,” ती म्हणाली. “कर फार जास्तसुद्धा नव्हता. पॉइंट असा, की त्यांना कुणी विचारलंच नाही.”

“अगदी बरोबर,” मी आरशात बघत म्हणालो. “विचारायला हवं होतं.” मला तेव्हा काहीही खटकलं नाही, हे नम्रपणे नोंदवतो.

पहिला थांबा अल खोर. टपरीवजा दुकानातून गाडीतच चार करक चहा मागवले. करक म्हणजे दूध आटवून केलेला, वेलचीचा, आपल्या लग्नातल्या चहाचा श्रीमंत भाऊ. सुट्ट्या रियालांत काम होतं. समुद्राकाठच्या बाकावर राजाचा प्रसंग घ्यायचा होता. राजा कोण, यावर चर्चा झालीच नाही. रेवाने मंडळाच्या बालनाट्यातला सोनेरी पुठ्ठ्याचा मुकुट सरळ माझ्या डोक्यावर ठेवला.

“डायलॉग काय?” मी विचारलं.

“तुझे तू बोल. यू डोन्ट नीड अ स्क्रिप्ट.”

मग मी सुरू केलं. “तुमच्यासाठी मी काय नाही केलं? फौज ठेवली, जहाजं ठेवली, दिवसरात्र खपलो. तुम्हाला अजून जगाची कल्पना नाही. माझ्या अनुभवाला काही किंमत आहे की नाही? हे सगळं मी कुणासाठी करतोय? एसी चोवीस तास चालू, लाइट कोण बंद करणार?”

“कट,” मेधा म्हणाली. “एसी सोडून बाकी सगळं ठेव.”

“एका टेकात ओके झालं बगा, सर,” बालाजी फोनमधून डोकं वर काढत म्हणाला. “असं वाटलंच नाही की तुमी अ‍ॅक्टिंग करायलात.”

मला ते कौतुक वाटलं आणि मी मुकुट रुवैसपर्यंत काढला नाही.

अल रुवैस हे देशाच्या उत्तर टोकावरचं लहान बंदर आहे. मासेमारीच्या लाकडी बोटी, जाळ्यांचे ढीग, सुकलेल्या मासळीचा वास, आणि दोह्याच्या काचेच्या इमारती कुणीतरी पुसून टाकल्यासारखं मोकळं आकाश. मला जागा फार आवडली. आम्ही धक्क्याजवळ खोकी मांडली. खोक्यांवरचे छापील आंबे भिंतीकडे फिरवले. बालाजीने पहिलं खोकं उचललं आणि पहारेकरी आला. नेपाळचा होता, हिंदी बोलत होता.

“पानी में कुछ नहीं डालने का.”

“भाईसाब, चाय है. यूज्ड चाय,” मी म्हणालो.

“यूज्ड भी नहीं.”

इथं माझ्यातला अठरा वर्षांचा अनुभव जागा झाला. परवानगी कुणाकडे मागायची, अर्ज इंग्रजीत चालेल का, पासपोर्टची प्रत लागेल का, हे मी विचारायला लागलो. रेवा कपाळाला हात लावून उभी. “बाबा, ते बंड करत होते. कुणी बंडाला एनओसी मागतं का?” शेवटी तीच पुढं झाली आणि आपल्या मोडक्या हिंदीत त्या माणसाला पहिल्यापासून सगळी गोष्ट सांगितली. राजा, कर, चहा. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “राजा से पहले बात नहीं किया?”

“बहुत बार किया,” रेवा म्हणाली. “सुनता नहीं था.”

त्याने मान हलवली आणि गावाबाहेरच्या वाळूचा रस्ता दाखवला. तिथं मेधाने ताडपत्री पसरली, कॅमेऱ्यात फक्त मागचा समुद्र येईल अशी, आणि बोस्टनचा चहा ताडपत्रीवर ओतला गेला. मग क्रांतिकारकांनी तो झाडूने गोळा करून पुन्हा पिशवीत भरला, कारण गुलाबाची कुंडी घरी वाट बघत होती.

जेवणाचं बघा, शुक्रवारी साडेअकराच्या सुमारास दुपारच्या नमाजासाठी सगळं बंद होतं. आम्ही त्याआधी एका मल्याळी कॅफेटेरियातून तळलेला मासा आणि परोठे पार्सल घेतले. चौघांचं पन्नास-साठ रियालमध्ये पोटभर. मेधाची थालीपिठं होतीच.

तिथून पश्चिमेला अल जुमैल. समुद्राकाठचं जुनं कोळ्यांचं गाव, लोक केव्हाच सोडून गेलेले. पडक्या भिंती, एक मनोरा, आणि वारा. शेवटचा टप्पा खडबडीत आहे, साधी गाडी हळूहळू जाते. इथं आमची लेक्सिंग्टनची, म्हणजे युद्धातली पहिली चकमक झाली. पहाटे इंग्रज सैनिक आणि गावकरी समोरासमोर आले, एक गोळी सुटली आणि युद्ध पेटलं. पहिली गोळी कुणी झाडली ते आजपर्यंत ठरलेलं नाही. आमच्याकडे मेधाने बालाजीला पहिली बॅट हाणली, हे व्हिडिओत स्पष्ट दिसतं, पण ती अजून मान्य करत नाही.

मग हिवाळा. वॉशिंग्टनच्या सैन्याकडे बूट नव्हते, अन्न नव्हतं, तरी ते टिकून राहिले, असं रेवाने सांगितलं. बालाजीने एव्हाना लाल कुर्ता काढून बाजू बदलली होती. त्याच्या पायाला फडकी गुंडाळून त्याला खडकांवरून चालवलं.

“काटे हायेत इथं,” तो ओरडला.

“त्यांनाही होते,” रेवा म्हणाली.

“त्यांला देश मिळाला. मला काय मिळणार?”

“थालीपीठ,” मेधा म्हणाली, आणि तो चालला.

अडीचला झुबाराच्या किल्ल्यावर पोचलो. वाळवंटात एकटाच उभा असलेला चौकोनी, वाळूच्याच रंगाचा किल्ला. चार कोपऱ्यांना चार बुरूज. शेजारी मोत्यांच्या व्यापाऱ्यांच्या जुन्या शहराचे अवशेष आहेत, तेही बघा. वेळा आणि तिकीट निघण्याआधी तपासून घ्या, शुक्रवारी बदल असतात. आत चौकात एक फिलिपिनो कुटुंब फोटो काढत होतं, बाकी शुकशुकाट. जाहीरनामा इथंच वाचायचा होता.

रेवा पायरीवर चढली. चेहऱ्यावर उजेड हवा म्हणून बालाजीने तिला सूर्याकडे तोंड करून उभं केलं. तिने तो तपकिरी कागद दोन्ही हातांनी समोर धरला आणि दणदणीत आवाजात इंग्रजीत वाचायला लागली. सगळी माणसं समान जन्मतात, इथपर्यंत ती पोचली आणि थांबली. कागदातून ऊन आरपार येत होतं. तिने मान तिरकी केली. मग कागद उलटा केला.

पाठकोऱ्या कागदाच्या मागं काय आहे, हे आमच्या घरात कुणी बघत नाही. जुनं वीजबिल असतं, ऑफिसची चेकलिस्ट असते. या कागदामागं रेवाचं पूर्ण नाव होतं, त्याखाली फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, कॉम्प्युटर, आणि तळाला, सबमिट झाल्याची तारीख. गुरुवारची. मी पोर्टलवरून पावती छापली होती. पहिल्या प्रतीची मार्जिन चुकली म्हणून दुसरी काढून फाइलला लावली, आणि पहिली, एक बाजू कोरी असल्याने, सवयीने घरी आणून गठ्ठ्यात ठेवली होती.

तिने माझ्याकडे बघितलं. मी बुरुजाकडे बघितलं.

मला वाटलं ती रडेल किंवा गाडीत जाऊन बसेल. तिने कागद पुन्हा सरळ केला. पण वाचलं नाही. ती मराठीत बोलायला लागली. लहानपणी बोलायची तशी, अडखळत, पण सलग.

“आम्ही दर वेळी नीट विचारलं. दर वेळी तो फोनकडे बघत ‘हं’ म्हणाला. तो म्हणाला, मग शांतपणे बोलू. तो शांत राहिला आणि बोललाच नाही. त्याने आमच्या नावावर सही केली. त्याने सहलीला लगेच हो म्हटलं, म्हणजे आम्ही खूश राहू. तो वाईट नाहीये. पण आम्ही त्याच्या मालकीचे नाही.”

फिलिपिनो कुटुंबाने टाळ्या वाजवल्या. त्यांना एक अक्षर कळलं नव्हतं. मेधाने पायरीवर चढून कागद हातात घेतला, वाचला, आणि घडी घालून आपल्या पर्समध्ये ठेवला.

“श्री,” ती मला म्हणाली, “आत्ता आत्तापर्यंत मी तटस्थ होते.”

इतिहासाच्या अभ्यासकांना माहीत असेल, की वसाहतींनी एक मोठी लढाई जिंकून दाखवल्यावर फ्रान्स उघडपणे त्यांच्या बाजूने उतरला आणि तिथून इंग्लंडचे दिवस फिरले. आता फक्त शेवटचा प्रसंग उरला होता, यॉर्कटाउनला इंग्रजांनी पत्करलेली शरणागती. मी म्हणालो, माझं डोकं दुखतंय, तुम्ही बालाजीला लाल कुर्ता घालून उरका. आणि गाडीत जाऊन एसी लावून बसलो.

थोड्या वेळाने बालाजी शेजारच्या सीटवर येऊन बसला. पायातला काटा काढत होता.

“सर, रेवा सांगायली की तो इंग्रज जनरल बी शरण येताना आजारी हाय म्हणून तंबूत बसला होता. दुसऱ्याला पाठवलं तलवार द्यायला.”

मी एसीची जाळी दुसरीकडे वळवली.

“माझा फॉर्म बी आमच्या अण्णांनीच भरला होता,” तो म्हणाला. “वाईट झालं असं नाही. पगार हाय, दोहा बघितलं. पण त्या फॉर्मवर दुसरं काय काय होतं, ते मी कधी बगितलंच नाही. आता वाटतं, बगायला पायजे होतं.”

मी खिडकीतून बघत राहिलो. किल्ल्याच्या सावलीत रेवा एकटीच बॅटने वाळूवर रेघा ओढत होती. लाज वाटली. अठरा वर्षं मी या देशात दुसऱ्याच्या मर्जीवर राहतोय, कुठला कागद कुणाच्या सहीसाठी अडलाय याची धाकधूक रोज खातोय, आणि घरात मी स्वतःच ते सहीचं ऑफिस उघडून बसलो होतो. मी लाल कुर्ता चढवला आणि बाहेर गेलो. कॅमेऱ्यासमोर दोन्ही हातांनी बॅट तिच्या हातात दिली.

“रविवार सकाळपर्यंत पालकांचं पत्र चालतं,” मी म्हणालो. “उद्या लिहितो.”

“आत्ता कॅमेऱ्यात बघून बोल,” ती म्हणाली. मी बोललो.

परतीच्या वाटेवर मेधा मागे रेवाजवळ बसली होती. अल सद्दला सहाच्या आत पोचलो. एकूण खर्च पेट्रोल, चहा, मासा धरून सव्वाशे रियालच्या आसपास, दिवसाच्या सहलीला स्वस्तच.

शनिवारी सकाळी पत्र लिहायला बसलो. विषयबदलाचं कारण लिहिणं सक्तीचं होतं. मी लिहिलं, ‘नजरचुकीने’. मागून रेवा म्हणाली, “नजरचूक नव्हती.” मी ते खोडून ‘तांत्रिक अडचणीमुळे’ लिहिलं. ती मागेच उभी राहिली. मग ‘गैरसमजातून’. मग ‘पुनर्विचारांती’. इंग्लंडलाही शरणागतीनंतर तहावर सही करायला दोन वर्षं लागली होती, आणि मला आता कळतंय का ते. शेवटी मी लिहिलं: ‘आधीचा अर्ज वडिलांनी विद्यार्थिनीला न विचारता भरला होता.’ सही केली, पाठवून दिलं. अख्ख्या नोकरीत मी इतकं सरळ वाक्य कुठल्या पत्रात लिहिलेलं नाही.

त्या सहलीतून काय उरलं म्हणाल, तर गाडीच्या डिकीत अजून चोथ्याचा वास आहे. व्हिडिओ शाळेत लागला. राजाच्या प्रसंगाला सगळ्यात जास्त हशा मिळाला, असं रेवा सांगते. तिने इतिहास घेऊन पुढं काय करायचं, याची काळजी मला आजही आहे आणि ती चूक करतेय असं माझं ठाम मत आहे.

पत्रानंतर शाळेने नवा फॉर्म तिच्या नावाने पाठवला. रविवारी सकाळी शाळेची बस यायच्या आधी ती लॅपटॉप घेऊन माझ्यासमोर येऊन बसली. इतिहास, साहित्य, अर्थशास्त्र भरून झालं होतं. चौथी चौकट रिकामी होती.

“बाबा, इथं काय घेऊ? तुझं मत काय?”

सोळा वर्षांत तिने मला पहिल्यांदा मत विचारलं होतं. त्याआधी विचारायची वेळच मी येऊ दिली नव्हती. मी बराच विचार केला, निदान केल्यासारखा दिसलो.

“फिजिक्स,” मी म्हणालो.

“हं,” ती म्हणाली, मान डोलावली, आणि मानसशास्त्रावर टिक केली.